आबांच्या तीन जन्मतारखा

दर नोव्हेंबरात मी आबांना गाडीत घालून साताऱ्याला नेतो आणि ते जिवंत असल्याचं सिद्ध करून संध्याकाळी परत आणतो. हयातीचा दाखला. आता ते मोबाईलवर घरबसल्या पण होतं, चेहरा दाखवायचा फक्त, पण आबांना ते पटत नाही, माणूस समोर उभा राहिला पायजे आणि समोरच्यानं बघितला पायजे, शिवाय पोवई नाक्यावर चहा प्यायचा असतो, कंदी पेढे घ्यायचे असतात, आणि सैनिक स्कूलचा विषय काढून "एकसष्ट साली झालं हे, देशातलं पयलं" हे दरवर्षी सांगायचं असतं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. मराठा लाइट इन्फंट्री, सतरा वर्षं नोकरी, लान्सनायक म्हणून घरी आले. आमचं गाव अपशिंगे मिलिटरी नव्हे, पण वळण तेच. अपशिंग्याची गोष्ट इकडं सगळ्यांना माहितेय, पहिल्या महायुद्धात एका गावचे ४६ जण गेले आणि गावाच्या नावालाच मिलिटरी हा शब्द कायमचा चिकटला. आमच्याकडं तसं काही चिकटलं नाही, पण दर चार घराआड एक ट्रंक आहे काळ्या रंगाची, नाव-नंबर पांढऱ्या पेंटनं लिहिलेली.

तर या वेळी मशीन आबांचा अंगठा घेईना. शेती, बंदूक आणि नंतरची पंचवीस वर्षं वॉचमनकीत गेटची साखळी ओढून ओढून बोटं अशी गुळगुळीत झालीत की त्यावर रेषा म्हणून काही उरलेलं नाही. उजवा झाला, डावा झाला, ओल्या फडक्यानं पुसून झालं, डोक्याला चोळून तेल लावून झालं, मशीन आपलं लाल दिवा दाखवतंय. मागं लाईन वाढायला लागली. माझं पोरगं सोबत होतं, नववीत आहे, ते माझ्या कानाशी येऊन म्हणतंय, "पप्पा, आबा क्लोन असते तर बरं झालं असतं, कुठल्यापण भावाचा अंगठा चालला असता."

खरं तर नसता चालला. हुबेहूब जुळ्यांचे सुद्धा ठसे वेगळे असतात. पण ते सांगायची ती वेळ नव्हती आणि मला हसायला आलं, कारण गेले सहा महिने आमच्या घरी संध्याकाळी दुसरं काही चालूच नाहीये.

मी स्टार वॉर्सवाला जुना. म्हणजे २००२ ला तो क्लोनवाला पिक्चर आला तेव्हा कॉलेजला होतो आणि राजवाड्याजवळ भाड्यानं सीडी मिळायची, तिथनं आणून तीन वेळा बघितला होता, प्रिंट इतकी बेकार की शेवटच्या लढाईत कोण कुणाला मारतंय ते कळत नव्हतं. नंतर नोकरी, लग्न, पोरगं, सगळं राहून गेलं. आता पोरानं त्या अ‍ॅनिमेशनच्या सिरीयली लावल्या आणि शेजारी बसून मीपण परत त्यात गेलो, आणि पहिल्यांदा त्या शिपायांकडं नीट बघितलं. कॉलेजात असताना सगळं लक्ष त्या लायटसेबरवाल्यांवर, म्हणजे उजेडाच्या तलवारी फिरवणाऱ्या जेडायांवर असायचं. शिपाई म्हणजे पांढऱ्या हेल्मेटमधली गर्दी. चाळिशी ओलांडल्यावर आणि घरात आबा असल्यावर गर्दीतली माणसं दिसायला लागतात बहुतेक.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमिनो नावाचा कायम पाऊस पडणारा एक ग्रह आहे (आपला महाबळेश्वर जुलैत असतो तसा, फक्त बाराही महिने), तिथं जँगो फेट नावाच्या एका माणसाच्या नमुन्यावरनं लाखो शिपाई काचेच्या नळ्यांत वाढवलेत. लढाईला घाई आहे म्हणून त्यांची वाढ दुप्पट वेगानं होईल अशी सोय केलीय. दहा वर्षांत वीस वर्षांचा जवान तयार. आणि याच जँगोनं आपल्या मानधनात एक पोरगा मागून घेतलाय, तोही क्लोनच पण त्याच्यात काहीएक ढवळाढवळ केलेली नाही. तो बोबा. म्हणजे २००२ च्या त्या पिक्चरमध्ये बोबा दहा वर्षांचा पोरगा आहे, आणि त्याच्या मागं खिडकीबाहेर कवायत करणारे ते वीस वर्षांचे दिसणारे जवान, तेही दहाच वर्षांचे. एकाच साली जन्मलेले सख्खे भाऊ. एक बापाचा हात धरून उभा, बाकीचे रांगेत.

हे मला कॉलेजात कळलंच नव्हतं. आता कळल्यावर मी रिमोटवर पॉज दाबून बराच वेळ ते बघत बसलो, पोरगं म्हणालं काय झालं, म्हटलं काय नाही.

झालं होतं हे की आमच्या ट्रंकेत एक फोटो आहे. १९८३ चा, आबा नोकरी संपवून घरी आले त्या आठवड्यातला. शेजारी माझे वडील. वडील दोन वर्षांनी धाकटे, तोंडवळा इतका सारखा की लहानपणी मास्तरांचा मार एकाचा दुसऱ्यानं खाल्लाय. फोटोत मात्र वडील तिशीतले शेतकरी दिसतात आणि आबा पन्नाशीचे. गाल बसलेले, कानाजवळ पांढरं, कातडी उन्हाची नव्हे, बर्फाची काळी पडलेली, तो रंगच वेगळा असतो. वडील सांगायचे, एसटी स्टँडवर ट्रंक घेऊन उतरला तेव्हा मी त्याच्या पुढनं निघून गेलो, ओळखलाच नाही, तोच मागनं म्हणाला, का रं, भावाला इसरलास व्हय.

कागदावर ते तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. रिटायर. पेन्शनर. पस्तिसाव्या वर्षी. लष्करात शिपाई माणसाचं असंच असतं, चाळिशीच्या आत-बाहेर माणूस घरी येतो आणि पुढचं सगळं आयुष्य "माजी" म्हणून काढतो. आमच्याकडं त्यांना गावात कोण आबा म्हणतं, कोण मेजर म्हणतं, लान्सनायकाला मेजर म्हणायची पद्धत सगळ्या सातारा जिल्ह्यात आहे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

आता या क्लोनांचा हिशोब बघा. या जगात सालं एका लढाईच्या आधी-नंतर अशी मोजतात, तर त्या लढाईच्या ३२ वर्षं आधी हे जन्मले. २२ वर्षं आधी युद्ध सुरू, १९ वर्षं आधी संपलं. म्हणजे युद्ध संपलं तेव्हा हे तेरा वर्षांचे, अंगानं सव्वीस. आणि लगेच नवीन सरकारनं म्हणजे साम्राज्यानं ठरवलं की आता हे नकोत, महाग पडतात, लवकर म्हातारे होतात, साधी पोरं भरती करू. चाळिशी यायच्या आतच हे लोक बाहेर. दुसऱ्या एका सिरीयलमध्ये २०१५ ला क्लोनांतला कॅप्टन रेक्स परत दिसतो तेव्हा तो आणि त्याचे दोन जोडीदार वाळवंटातल्या एका ग्रहावर जुन्या चालत्या रणगाड्यात संसार मांडून राहिलेत, पोट सुटलेलं, पांढरी दाढी, जमिनीखालच्या कसल्यातरी अजस्त्र किड्याची मासेमारी करतात. रेक्सचं खरं वय अठ्ठावीस. अंगाचं छप्पन्न. आणि सिरीयलीच्या शेवटी सांगतात की तो आणखी आठ वर्षांनी एंडोरच्या लढाईत पण होता, म्हणजे खरं वय छत्तीस, अंगाचं बहात्तर.

यावर फॅन लोकांची भांडणं बघण्यासारखी आहेत. वेग दुप्पट म्हणजे कुठपर्यंत दुप्पट? मोठं होईपर्यंत, का मरेपर्यंत? पिक्चरमध्ये नुसतं वाढीबद्दल बोललंय. मग रेक्स छप्पन्नचा का पासष्टचा दिसतो? बहात्तरचा माणूस जंगलात बंदूक घेऊन पळेल का? हा शेवटचा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांनी आमचे आबा बघितले नाहीत. बहात्तराव्या वर्षी दर शनिवारी जरंडेश्वर चढून मारुतीला तेल घालून यायचे, मी निम्म्यात बसायचो, ते वरनं नारळाचं खोबरं घेऊन परत यायचे आणि माझ्याकडं बघून काही बोलायचे नाहीत, ते जास्त लागायचं.

बाय द वे संख्येचा पण एक घोळ आहे. जुन्या पुस्तकांनी सगळे मिळून तीस लाख क्लोन असा आकडा दिला होता आणि लोक चिडले होते, हजारो ग्रहांच्या युद्धाला तीस लाख? मला तो आकडा कधी मोठा का छोटा ते कळत नव्हतं, मग आठवलं, २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या तीस लाख आणि वर काहीतरी हजार आहे. म्हणजे फलटण ते पाटण सगळी माणसं, म्हाताऱ्या-कोताऱ्या, पाळण्यातली पोरं धरून, एवढ्यांनी आख्खी आकाशगंगा सांभाळायची. जमलंही असतं म्हणा.

असो. आबांच्या जन्मतारखेकडं येतो.

आबांची सर्व्हिस रेकॉर्डची तारीख १ जून १९४८. आमच्या पिढीच्या आधीच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो हे तुम्हाला माहितीच असेल. जूनला शाळा उघडायची, बाप पोराला हाताला धरून आणून सोडायचा, मास्तर विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा लिवा की तुमीच, मास्तर पोराकडं एकदा बघायचे, डावा हात डोक्यावरनं उजव्या कानाला पोचतोय का बघायचे, आणि सहा वर्षं वजा करून १ जून टाकायचे. संपलं. तीच तारीख घेऊन आबा १९६६ ला भरती झाले. (भरतीचं साल सहासष्ट म्हटल्यावर पोरगं टाळ्या पिटून "ऑर्डर सिक्स्टी सिक्स" म्हणून ओरडलं होतं. त्यावर पुढं येतो.)

दुसरी तारीख आधारची. गावात कॅम्प आला होता, त्या ऑपरेटर पोरीनं विचारलं, बाबा वय किती, आबांनी मनात काय हिशोब केला कोण जाणे, वर्ष सांगितलं शेहेचाळीस. तारीख-महिना नसला की ते मशीन १ जानेवारी टाकतं. झालं, १ जानेवारी १९४६.

तिसरी आमच्या आजीची. ती काय कुठं लिहिलेली नाही. आजी म्हणायची, पत्री सरकारच्या टायमाला हा पोटात होता, नाना पाटलाची माणसं रात्री भाकरी मागायला आली आणि मी वाकून भाकरी थापू शकत नव्हते, मग जावेनं थापल्या. सातारचं प्रतिसरकार १९४३ च्या पावसाळ्यात सुरू झालं आणि सेहेचाळीसपर्यंत चाललं, म्हणजे आजीच्या हिशोबात तीन वर्षांची ऐसपैस जागा आहे, पण अठ्ठेचाळीस त्यात कसंही बसत नाही. अठ्ठेचाळीस म्हणजे जळीत, गांधीजींना मारल्यानंतरचं, ते तर आबांना स्वतःला आठवतं, वाड्याच्या माडीतनं निघालेला धूर बघितलेला. जन्माच्या आधीचा धूर कुणाला आठवत नाही.

आता यात अडचण कुठं आली, तर पेन्शनरला ऐंशी पूर्ण झाली की वीस टक्के पेन्शन वाढते. आजीच्या तारखेनं ती वाढ होऊन गेली असती. आधारच्या तारखेनं जानेवारीत होती. म्हणून मी या वेळी हयातीच्या दाखल्याबरोबर एका ऑफिसात जाऊन चौकशी केली, कुठल्या ते सांगत नाही. समोरच्यानं कॉम्प्युटरात बघितलं आणि म्हणाला, तुमचे वडील ऐंशीचे होतील जून २०२८ ला. मी म्हटलं चुलते. तो म्हणाला तेच ते. मी म्हटलं आधारला सेहेचाळीस आहे. तो म्हणाला मग आधार दुरुस्त करून घ्या. मी म्हटलं अहो आधार त्यातल्या त्यात बरोबर आहे, चुकीचं तुमचं आहे. तो माणूस वाईट नव्हता, थकलेला होता, त्यानं चष्मा काढून सांगितलं की सर, रेकॉर्डला जे आहे ते आहे.

आबा बाकड्यावर बसून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "म्हंजे अजून दोन वर्सं जगाया लागतंय तर."

गाडीत पोरगं म्हणालं, "पप्पा, सर्व्हिस रेकॉर्ड जी-कॅनन आहे, आधार टी, आणि पणजीचं सी."

हे जरा समजावून सांगावं लागेल. या स्टार वॉर्सची गोष्ट एकट्या माणसानं सांगितलेली नाही. पिक्चर, कादंबऱ्या, कॉमिक, गेम, सिरीयली, शंभर लोकांनी लिहिलंय, त्यामुळं एकमेकांत न बसणाऱ्या गोष्टी हजार. मग कंपनीनं २००० च्या सुमारास एक माणूसच बसवला, लेलंड ची, काम काय तर सगळ्या कथेचा डेटाबेस सांभाळायचा. आणि खरं काय मानायचं, म्हणजे कॅनन, त्याच्या पायऱ्या केल्या. पिक्चरमध्ये जे आहे ते जी, म्हणजे मूळ कर्त्या जॉर्ज लुकासचं, ते सगळ्यात वर. टीव्हीवरचं टी. पुस्तकं-कॉमिक सी. त्याखाली अजून किरकोळ. खालचं आणि वरचं भांडलं तर वरचं खरं. आपल्याकडं हे काम तलाठी करतो.

त्या सी पायरीवर एका ब्रिटिश बाईनं २००४ पासून क्लोन कमांडोंवर कादंबऱ्या लिहिल्या. पत्रकारिता केलेली बाई. त्यात शिपायांचं हे दुप्पट म्हातारपण हाच मुख्य दुखरा भाग आहे, ही पोरं आपला वेग थांबवणारं औषध शोधत फिरतात, ज्या शास्त्रज्ञीणीनं आपल्याला बनवलं तिच्या मागावर जातात, कारण त्यांना समजलंय की लढाईतनं वाचलो तरी बायकोच्या आधी तीस वर्षं मरणार. मी यातली दोन वाचलीत, अनुवाद वगैरे नाही, कसंबसं डिक्शनरी घेऊन, पण वाचली. मग टीव्हीची सिरीयल आली, वरच्या पायरीवरची, आणि तिनं मँडलोर ग्रहाचं सगळंच वेगळं दाखवलं, या बाईनं उभं केलं होतं त्याच्या उलट. २००९ ला तिनं ते लिहिणं सोडलं. आणि २५ एप्रिल २०१४ ला कंपनीनं जाहीरच केलं, पिक्चर आणि त्या सिरीयली सोडून आधीचं सगळं आजपासून लेजंड्स. दंतकथा. म्हणजे पुस्तकं दुकानात मिळतील, फक्त ते घडलं नाही.

औषध शोधणारी ती पोरं घडली नाहीत. रणगाड्यात म्हातारा झालेला रेक्स घडला.

आता ऑर्डर सिक्स्टी सिक्स. पिक्चरमध्ये २००५ ला दाखवलं की युद्धाच्या शेवटी सम्राट एक हुकूम सोडतो आणि जे शिपाई तीन वर्षं ज्या जेडायांच्या खांद्याला खांदा लावून लढले, तेच एका क्षणात वळून त्यांना गोळ्या घालतात. कसे काय घालतात? जुन्या हिशोबात, म्हणजे जो आता लेजंड्स झाला त्यात, उत्तर सरळ होतं. हुकमांची एक यादी होती, दीडशे हुकूम, सगळ्यांना पाठ, त्यातला हा सहासष्टावा, आला तर पाळायचा. नव्या हिशोबात २०१४ ला सिरीयलमध्ये आलं की नाही नाही, त्यांच्या डोक्यात जन्माआधीच एक चिप बसवली होती, हुकूम ऐकला की माणूस आपल्या ताब्यात राहत नाही.

मला विचाराल तर चिपवाली गोष्ट जास्त हळवी आहे आणि कमी खरी. लिहिणाऱ्यांना त्या शिपायांचा लळा लागला होता, पाच सीझन त्यांना नावं दिली, जोक दिले, केस रंगवायला दिले, मग त्यांच्या हातनं एवढं पाप कसं करवायचं, म्हणून चिप. मी समजू शकतो. पोरगं मात्र चिपच्या बाजूचं. "त्यांचा काय दोष पप्पा, ते तर बेशुद्ध होते." आमचं हे चाललेलं असताना आबा आत आले, त्यांना काय विषय आहे ते पोरानं समजावून सांगितलं, फार छान सांगितलं, हुकूम, जेडाय, चिप, सगळं. आबा खुर्चीत बसून ऐकत होते, अडकित्त्यानं सुपारी कातरत. म्हणाले, "चिप कशाला लागतीया? सा म्हैनं ड्रिल घ्या की."

आणि सुपारी तोंडात टाकली. पोरगं गप. मीपण. एकाहत्तरला आबा कुठं होते ते आम्हाला माहितेय, तिथं काय केलं ते माहीत नाही. वडिलांनाही माहीत नव्हतं. आजीनं एकदा विचारलं होतं म्हणे, तर म्हणाले, पाऊस लई हुता.

पेन्शनचं पण आहे त्यात. मला वाटायचं एवढ्या लेझर-बिझरच्या गोष्टीत पेन्शनला कोण विचारतंय, पण २०२३ ला एका सीझनमध्ये दोन भाग चक्क त्याच्यावर आहेत. सिनेटमध्ये बिल आलंय, क्लोन बंद करून साधी भरती चालू करायची, आणि एक निळ्या रंगाची सिनेटर बाई उभी राहून विचारते की मग या माणसांचं काय, यांनी कुठं जायचं, यांना काही देणार का नाही. कुणी ऐकत नाही. बिल पास होतं. गोष्टीतला पुढचा काळ दाखवणाऱ्या एका मालिकेत, २०२२ ची, खऱ्या माणसांची, एक म्हातारा क्लोन रस्त्याकडेला बसून भीक मागतो, अंगावर तेच पांढरं चिलखत मळलेलं. ज्या नटानं जँगो केला त्यालाच म्हातारा करून बसवलाय तिथं. दोन मिनिटांचा पण सीन नसेल. आबांनी तो बघितला. काही बोलले नाहीत, उठून बाहेर गेले, मला वाटलं रागावले, तर मोटार चालू करायला गेले होते, लाईट आलेली.

(नवीन चार वर्षांच्या भरतीबद्दल इथं लिहायचा मोह होतोय. गावातली दोन पोरं त्यात आहेत, चार वर्षांनी चारातला एक ठेवणार. त्यांच्या आया हा लेख वाचत नाहीत पण तरी नको.)

मूळ ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच.

कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार-सव्वाचारची वेळ. आमच्या भागात ज्याचं वय साठच्या पुढं आहे त्याच्याकडं भूकंपाची एक गोष्ट असतेच. आबांची अशी. आबा रजेवर आलेले. सोप्यात झोपलेले. आधी गोठ्यातला बैल उठून उभा राहिला आणि दावं ताणायला लागला, मग जमिनीतनं आवाज आला, ट्रकांचा कॉन्व्हॉय चढाला लागल्यासारखा, मग मागची भिंत गेली, आणि आबांनी आजीला, म्हणजे त्यांच्या आईला, वाकळंसकट उचलून अंगणात आणलं. बैलानं दावं तोडलं आणि अंधारात पळाला. लहानपणापासून ऐकलीय मी, दर डिसेंबरात.

माझे वडील होते तोवर त्यांचीही एक गोष्ट होती. तीच. भिंत तीच, वाकळ तीच, बैल तोच. फक्त आजीला उचललं वडिलांनी, आणि आबा त्या वेळी बेळगावला. दोघं एका ठिकाणी असताना कधी कुणी ही गोष्ट काढायचं नाही. मला त्याचं लहानपणी नवल वाटायचं नाही, भूकंप मोठा होता, दोन गोष्टी मावतील एवढा.

वडील जाऊन पाच वर्षं झाली. परवा त्या तारखेच्या भानगडीत जुने कागद मिळतात का बघायला आबांची ट्रंक उघडली, आबांनीच किल्ली दिली. डिस्चार्ज बुक, मेडल, एक मफलर, डांबरगोळ्या, आणि तळाला रबर बँड लावलेली अंतर्देशीय पत्रं. आबांनी घरी पाठवलेली, आजीनं जपलेली, ती गेल्यावर ट्रंकेत आलेली. पोरगं आणि मी वाचत बसलो. एक डिसेंबर सदुसष्टचं. अक्षर आबांचं, पेन्सिलीचं. रेडिओला ऐकले की आपले तिकडे मोठा भूकंप झाला. आईस लागले काय. घराची भिंत कशी आहे. रजा मागितली आहे पण मिळेल असे दिसत नाही. बैलाचे काय झाले ते कळवणे.

पोरानं दोनदा वाचलं. मग हळूच म्हणालं, "म्हणजे आबांची गोष्ट लेजंड्स."

मी म्हटलं ठेव ते. ठेवलं. रबर बँड तुटला वाळून, दोऱ्यानं बांधलं.

नंतर दोन दिवस मी आपला हिशोब बसवायचा प्रयत्न करत होतो, फॅन लोक करतात तसा. पत्राची तारीख चुकली असेल. भूकंपानंतर पण धक्के बसत होते, नंतर रजेवर आले असतील आणि त्यातल्या एखाद्या धक्क्यात खरंच उचललं असेल. किंवा वडिलांनी उत्तराच्या पत्रात सगळं लिहिलं असेल, आणि आबांनी ते बेळगावात बराकीत रात्री इतक्या वेळा वाचलं असेल की शेवटी वाकळंचं वजन हाताला लागलं. वडिलांचं उत्तर ट्रंकेत नाही. सैन्यातल्या माणसाकडं पत्रं राहत नाहीत, बदल्या होतात. यातलं कुठलंच मला धड पटलं नाही आणि धड टाकवलंही नाही.

११ डिसेंबरला संध्याकाळी थंडी होती, शेकोटी केली होती, शेजारची दोन पोरं आली होती. आबांनी सुरू केलं. सोप्यात झोपलेलो, पहाटची येळ, आदी बैल उटला. या वेळी बैल तांबडा होता. माझ्या लहानपणी तो पांढरा होता, खिलार, मला पक्कं आठवतंय. भिंत गेली, वाकळ आली, आजी अंगणात आली. आबांनी दोन्ही हात पुढं करून दाखवलं कसं उचललं ते, आणि ते हात थोडा वेळ तसेच राहिले, शेकोटीवर.

मी पोराकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं. त्याला तारीख माहीत, पत्र माहीत, आणि असल्या चुका पकडण्यात तो किती पटाईत आहे ते मला माहीत.

"मग आबा," तो म्हणाला, "बैल परत आला का?"

आबांनी विचार केला. पोरं गप होती.

"आला की," आबा म्हणाले. "दुपारचा. गळ्यात निम्मं दावं घिऊन."